ती जाणार कुठे?

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कामगार बाई आहे की पुरुष, हे मला हिशेबापुरतं एकाच ठिकाणी लागतं: व्यवसाय कर कापताना. महिन्याला १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. बाईला एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत माफी आहे. पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), बोनस, ग्रॅच्युइटी यांना त्या रकान्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे सरकारच्या लेखी बाई असण्याचा महिन्याला २०० रुपये फायदाच.

पण पगारपत्रक कधी त्याच रकान्यावर लावून बघितलं, सगळ्या बाया वर आणि सगळे पुरुष खाली, तर 'ग्रॉस'च्या, म्हणजे एकूण पगाराच्या, रकान्यात मधोमध एक पायरी दिसते. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या आणि चाकणकडच्या लहान कारखान्यांचे पगार करणं हा माझा धंदा. रबराचे पार्ट, प्रेस शॉप, छोटी असेंब्ली, पॅकिंग. वीस-पंचवीस माणसांपासून शंभर-सव्वाशेपर्यंत. कारखाना बदलतो, मालक बदलतो, पायरी कुठे दोन हजारांची असते कुठे तीन हजारांची, पण असते.

माझ्या आजोळी, पुरंदर तालुक्यात, ही पायरी कोणी लपवत नाही. गड्याचा रोज एवढा, बाईचा रोज एवढा, असं चारचौघांत ठरतं. का, म्हणून विचारलं तर गडी पोती उचलतो, बाई खुरपते, असं उत्तर तयार असतं. गंमत वाटाण्याच्या तोडणीला कळते. तोडणी किलोवर दिली तर दोघांना दर सारखा, आणि संध्याकाळी काट्यावर बऱ्याचदा बाईचंच वजन जास्त भरतं. तीच तोडणी रोजावर दिली की लगेच बाईचा रोज वेगळा. हात तेच, वाटाणा तोच, सरीही तीच.

मामा एक तक्रार कायम करायचा. रोजगार हमीचं काम जवळपास निघालं की खुरपणीला बाया मिळत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि तिथे मोजून काम, मोजून दाम असा हिशेब होता. बाई-गडी दर एकच. रस्त्याच्या मुरमावर सारखे पैसे मिळत असताना मामाच्या रानात कमी रोजावर कोण येणार? मग मामाला रोज वाढवावा लागे. तो स्त्री-पुरुष समानतेच्या शिबिराला वगैरे गेलेला नव्हता. बाईला दुसरीकडे जायला जागा झाली होती, एवढंच.

शहरात असं तोंडावर कोणी बोलत नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे, त्यामुळे रजिस्टरात 'बाईचा रोज' असं लिहायची कोणाची छाती नाही. शहरात फरक पदनामातून येतो. किमान वेतनाचे वर्ग आहेत कुशल, अर्धकुशल, अकुशल. कोणाला कुठे टाकायचं ते मालक किंवा त्याचा सुपरवायझर ठरवतो, आणि माझ्याकडे यादी येते तेव्हा ते ठरून झालेलं असतं.

एक टेबल सांगते. भोसरीतला रबर पार्टचा कारखाना. मागच्या बाजूला मोल्डिंगची प्रेस, तिथे सगळे पुरुष, पाठीवर शर्ट ओले. पुढच्या खोलीत ट्यूबलाइटखाली लांब पत्र्याचं टेबल. त्यावर ग्रोमेटचा, म्हणजे वायर जाणाऱ्या भोकात बसवायच्या रबरी कड्यांचा, ढीग. टोकाला वाकलेल्या बारीक कात्रीनं कडेचं जादा रबर, म्हणजे फ्लॅश, कापायचं. पार्ट बोटांत फिरवून बुडबुडा, चीर, शॉर्ट मोल्डिंग (अर्धवट भरलेला साचा) बघायचं. चांगला पार्ट निळ्या क्रेटमध्ये, रिजेक्ट लालमध्ये. टेबलाच्या एका बाजूला चाळिशीच्या एक ताई, दिघीहून येतात, बरीच वर्षं तिथेच आहेत. समोर एक मुलगा, आयटीआय अर्धवट सोडलेला. त्याला हे काम ताईंनी शिकवलं, हे तोच सांगतो. पत्रकात ताई 'हेल्पर', अकुशल, १४,८००. मुलगा 'क्यूसी इन्स्पेक्टर', म्हणजे माल तपासणारा, अर्धकुशल, १७,१००.

मालक वाईट माणूस नाही. त्याच्या वडिलांनी एका प्रेसवर धंदा सुरू केला होता, तो स्वतः अजून सकाळी सगळ्यांच्या आधी येतो. दिवाळीला बायांना साडी, पोरांच्या दहावीला मदत. मी त्याला विचारलं, हे दोघं एकच काम करतात ना? तो म्हणाला, "ताई, खरं सांगू का, बायांचंच काम उजवं आहे. तिच्या क्रेटमधून कस्टमरची तक्रार येत नाही." मग? "मग काय. तो उद्या गाडी काढून शेजारच्या गाळ्यात जाईल. ती जाणार कुठे?"

एमएला आम्हाला अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर होता. शिकागोचा. १९५७ मध्ये त्याचा भेदभावाच्या अर्थशास्त्रावरचा ग्रंथ आला, पुढे १९९२ मध्ये नोबेल. त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न होता, पण मांडणी कुठल्याही गटाला लागू पडते. मालकाला काही माणसांची नावड असेल, तर ती नावड त्याला पैशांत पडते. नावडत्या माणसाला तो घेतच नाही, किंवा इतक्या कमी पगारावर घेतो की नावडीची भरपाई व्हावी. आणि आवडत्याला जास्त मोजतो. आता शेजारी एक दुसरा मालक आहे, ज्याला फक्त पैशाची आवड आहे. तो स्वस्तात मिळणारी ती माणसं उचलतो, त्याचा माल स्वस्त पडतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे वळतं. पहिल्यानं एक तर नावड सोडावी, नाहीतर धंदा. आणि असे पैशाचे भक्त वाढत गेले की त्या माणसांना मागणी येते, पगार चढतो, फरक मिटतो. आपली नावड जन्मभर पोसणं परवडतं ते मक्तेदाराला, कारण त्याच्या मागे कोणी लागलेलं नसतं.

हे वाचून मी तेव्हा फार खूश झाले होते. बाजारच न्याय करणार म्हटल्यावर कोणाशी भांडायला नको.

मक्तेदाराबद्दलचा भाग तर आपल्याकडे पटतोच. परमिट-लायसनच्या काळात, १९७४ च्या सुमाराला, टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती. ट्रकला वाट बघणारं गिऱ्हाईक असताना इंजिनियर बायांना दारातूनच परत पाठवणं परवडत होतं, असं बेकर म्हणाला असता. मात्र ते दार स्पर्धकानं उघडलं नाही, पोस्टकार्डानं उघडलं, हेही खरं.

केनेथ ॲरो या दुसऱ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञानं बेकरवर जो आक्षेप घेतला तो मला अजून आवडतो. भेदभाव का आहे हे सांगायला ही मांडणी निघाली, आणि तिचा निष्कर्ष असा की भेदभाव टिकणारच नाही. मग समोर दिसतोय तो काय आहे?

भोसरीत तर स्पर्धेला तोटा नाही. एका ग्रोमेटला पुरवठादार किती, विचारू नका. रेट पैशांत बोलतात, रुपयात नाही. मोठ्या कंपनीकडून दरवर्षी 'कॉस्ट डाऊन'चं पत्र येतं: यंदा अमुक टक्के कमी करा. नाही म्हटलं तर ऑर्डर शेजारच्या गाळ्यात. इतकी चुरस पाठ्यपुस्तकातही नसते. बेकरच्या हिशेबानं इथे पायरी कधीच सपाट व्हायला हवी होती.

ती होत नाही याचं पहिलं कारण, माझ्या मते, हे की इथे मारायला नावडच नाही. मालकाला बाया हव्याच आहेत. ट्रिमिंग आणि तपासणीच्या टेबलावर सगळ्याच कारखान्यांत बहुतेक बायाच आहेत, सगळीकडे त्याच दरात. बेकरचा तो हुशार शेजारी, स्वस्त बाया घेऊन पुढे जाणारा, इथे एकटा नाही, सगळेच तो आहेत. आणि बाईच्या स्वस्त हाताचा फायदा मालकाच्या खिशातही फारसा राहत नाही. तो केव्हाच पैशांतल्या त्या रेटमध्ये बसून मोठ्या कंपनीकडे गेलेला असतो. म्हणून मालक छातीवर हात ठेवून सांगतो, "वाढवले तर रेट बसत नाही," आणि खोटं बोलत नसतो.

दुसरं कारण त्यानं स्वतःच मला सांगितलं होतं, "ती जाणार कुठे?" या तीन शब्दांत. केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सननं १९३३ मध्ये हेच बरंच जास्त कागद खर्चून लिहिलं आहे. (लग्नानंतर विशीत या बाई काही काळ ग्वाल्हेरला राहून गेल्या होत्या, हे कळल्यापासून मला त्या उगाच ओळखीच्या वाटतात.) त्यांचं म्हणणं साधं आहे. मालाच्या बाजारात मालक कितीही स्पर्धेत असो, मजुरीच्या बाजारात कामगारापुढे मालक किती आहेत, ते बघा. पगार थोडा कमी केला तर कोण सोडून जातं आणि कोण राहतं? जे पटकन जातात त्यांना जास्त द्यावं लागतं. जे जाऊ शकत नाहीत, त्यांना सारख्याच कामाचे कमी देऊन भागतं. त्यासाठी मालकाच्या मनात काळंबेरं असावंच लागत नाही, नफा कळला की पुरे.

म्हणजे स्पर्धा दोन आहेत आणि आपण एकाच नावानं बोलतो. गिऱ्हाइकासाठी कारखाने भांडतात ती एक. माणसासाठी भांडतात ती दुसरी. बायांच्या पगाराला दुसरी लागते, आणि पहिली कितीही तीव्र असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

भोसरी-चाकण पट्ट्यात कारखाने हजारो, हे नकाशावर खरं आहे. दिघीच्या त्या ताईंचा नकाशा वेगळा आहे. सकाळी नळाला पाणी येऊन जाईपर्यंत घर सोडता येत नाही. धाकट्याची शाळा दुपारची. सासूबाईंचं इन्सुलिन. गाडी चालवता येत नाही; नवऱ्याची बाइक नवऱ्याबरोबर जाते. शेअर रिक्षानं अर्ध्या तासात पोचता येईल, तिथवरच त्यांची एमआयडीसी. त्यात तीन-चार कारखाने बसतात आणि त्या तिन्ही-चारींचा दर एक आहे. चाकणला १,५०० रुपये जास्त मिळतात हे त्यांना माहीत आहे. जायचे-यायचे ४० रुपये धरले तर महिन्याच्या २६ दिवसांचे १,०४० रुपये. उरले ४६०, आणि रोजचे दीड-दोन तास गेले. त्यांनी हा हिशेब मला बोटांवर करून दाखवला, कॅल्क्युलेटर न घेता.

मुलाचा नकाशा बाइकच्या टाकीएवढा. रात्रपाळीही चालते त्याला. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ६६ नं बायांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाला मज्जाव केला होता. आता अटी घालून मुभा मिळाली आहे, पण रात्री ११ ला सुटलेल्या बाईला घरी सोडायला गाडी लागते, आणि लहान कारखान्याकडे टेम्पो सोडून गाडी नसते.

यावर एक उलट युक्तिवाद होतो आणि तो मला अगदीच झटकून टाकता येत नाही. बायांना वेळ सोयीची लागते, घर जवळ लागतं, त्या सोयीची किंमत त्या पगारातून मोजतात. हा व्यवहार आहे, भेदभाव नाही. ताईंनाच विचारलं तर त्याही म्हणतील की साडेपाचला सुटते म्हणून इथे आहे. पण साडेपाचचा भोंगा त्या मुलासाठीही वाजतो. त्याच्या पगारातून या सोयीचे २,३०० रुपये कोणी कापत नाही. सोय दोघांना सारखी, किंमत एकीलाच. मग ती सोयीची किंमत कशी?

बाळंतपणाचं कारण तर मला आता ऐकवत नाही. "बायका घेतल्या की सहा महिने भरपगारी रजा, आम्हालाच भुर्दंड." २०१७ च्या दुरुस्तीनं रजा १२ आठवड्यांची २६ झाली, बरोबर. पण २१,००० रुपयांपर्यंतच्या कामगाराला ईएसआय असतं, आणि तिथे रजेचे पैसे महामंडळ देतं, मालक नाही. मालक भरतो सव्वातीन टक्के, बाई असो वा पुरुष. तपासणीच्या टेबलावरच्या एकाही बाईच्या बाळंतपणाचा पगार या मालकांना खिशातून द्यावा लागत नाही. चलन मीच भरते, मला माहीत आहे. शिवाय टेबलावरच्या बहुतेक जणींची पोरं कॉलेजात गेली आहेत. एका गटाबद्दलचा सरासरी अंदाज प्रत्येकीच्या माथी मारायचा, याला अर्थशास्त्रात सांख्यिकीय भेदभाव म्हणतात. ॲरो आणि एडमंड फेल्प्स यांनी १९७२ च्या आसपास मांडलेली कल्पना. इथे तर आकडाही चुकीचा आहे आणि गटही.

बेकर सपशेल चुकला, असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेत बँकांवर शाखा काढायला आणि दुसऱ्या राज्यांत पसरायला निर्बंध होते, ते १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हळूहळू उठले. स्पर्धेपासून वाचलेल्या बँकांचं काय झालं, हे सँड्रा ब्लॅक आणि फिलिप स्ट्रहान यांनी तपासलं. २००१ मध्ये त्यांचा निबंध आला. निर्बंध उठल्यावर पुरुषांचे पगार सुमारे १२ टक्क्यांनी खाली आले, बायांचे ३ टक्क्यांनी. जादा नफ्यातला वाटा इतकी वर्षं मुख्यतः पुरुषांना मिळत होता, स्पर्धा आली तसा तो आटला. फरक कमी झाला, बेकर जिंकला. पण कमी कसा झाला बघा: खालची वर चढली नाही, वरचा खाली आला. भोसरीत हे सांगितलं तर दोन्ही बाजूंनी शिव्या खाव्या लागतील.

आणि भारतात उलटंच दिसलं. निधिया मेनन आणि याना रॉजर्स यांनी १९८३ ते २००४ या काळातल्या आपल्या कारखानदारीचे आकडे पाहिले. मोजक्याच कंपन्यांच्या हातात असलेल्या उद्योगांवर परदेशी मालाची स्पर्धा येऊन पडली, तेव्हा बाई-पुरुषातला फरक वाढला. त्यांचा खुलासा असा की खर्च कापायची वेळ आली की ज्यांचा घासाघाशीत जोर कमी, त्यांच्यावर कात्री आधी चालते. हे वाचताना मला कॉस्ट डाऊनचं पत्र आठवलं. पत्र आलं की त्या वर्षी प्रेसवरच्या मुलांना थोडी वाढ मिळते, नाहीतर ते जातील. टेबलाला सांगतात, यंदा जमत नाही.

आयटी कंपन्यांच्या हिंजवडीचं चित्र थोडं निराळं. तिथे माणसासाठीची स्पर्धा खरी आहे. भाचा एका ऑफर लेटरवर ९० दिवसांची नोटीस टाकतो आणि त्या ९० दिवसांत त्याच लेटरवर आणखी दोन ऑफर उभ्या करतो. भाचीलाही हे येतं, आलं होतं. मूल झालं, कोथरूडला पाळणाघर मिळालं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खराडीच्या ऑफर तिनं उघडूनही बघितल्या नाहीत. दोन वर्षांनी परत निघाली तेव्हा पहिला प्रश्न: सध्याचा पगार किती? त्यावर अमुक टक्के वाढ. म्हणजे जुनी पायरी नव्या कंपनीत सामानासकट आली. पहिल्या मुलानंतर फट कशी रुंदावते, हे क्लॉडिया गोल्डिन यांनी आयुष्यभर दाखवलं, २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. याहून जास्त मी आयटीबद्दल लिहीत नाही, तिथली पत्रकं मी करत नाही.

घरकामाच्या बाजारात मात्र आपण सगळेच मालक आहोत, आणि तिथे बेकरचं आणखी एक गृहीत ढिलं पडतं. कोथरूड, सदाशिव, सहकारनगर, हजारो घरं, प्रत्येक घर स्वतंत्र. मालक इतके की मक्तेदारीचा प्रश्नच नाही. तरी धुण्याभांड्याचा दर आणि स्वयंपाकाचा दर यांत अंतर आहे, आणि स्वयंपाकाच्या दारात आडनाव विचारतात. स्वयंपाकाच्या बाईनं जात लपवली म्हणून पुण्यात २०१७ मध्ये पोलिसांत तक्रार झाली होती. ओरड झाल्यावर मागे घेतली गेली. नावड एका मालकाची असेल तर बाजार त्याला शिक्षा करतो. नावड अख्ख्या गिऱ्हाइकाची असेल तर बाजार तिची सेवा करतो. पोळ्या करायला 'आपल्यातल्या' बाया पुरवणाऱ्या एजन्सीचा धंदा बुडत नाही, चालतो. पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून दर वाढवून घेतले, संघटना उभी केली. त्यातही हजार मालकांनी नव्हे, एकत्र आलेल्या बायांनी काम केलं.

माणसासाठीची स्पर्धा आली तर काय होतं, हे मी भोसरीत एकदा बघितलं आहे. म्हाळुंगेच्या बाजूला वायर हार्नेसची एक मोठी कंपनी सुरू झाली. वायरी गुंफायच्या, टर्मिनल बसवायचे, बारीक बोटांचं काम. त्यांना बायाच हव्या होत्या आणि खूप हव्या होत्या. त्यांनी जाहिरात वगैरे काही केली नाही. सकाळी मॅगझिन चौकात एक बस उभी राहू लागली, तिथून मोशी, आणि मग कंपनी. संध्याकाळी तिथेच सोडायची. कँटीनचं जेवण. पगार आमच्या टेबलापेक्षा दीड-दोन हजारांनी वर.

महिन्याभरात टेबलावरच्या पाच-सहा जणी गेल्या. उरलेल्यांना मालकानं न मागता १,२०० रुपये वाढवले. शेजारच्या गाळ्यांनीही वाढवले. जो रेट वर्षानुवर्षं बसत नव्हता तो बसला. धंदा बुडाला नाही. पाठोपाठ मालक मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सौम्य मेसेज फिरला, की एकमेकांची माणसं ओढू नयेत, सगळ्यांचंच नुकसान आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी या कंपन्याही एकमेकांचे इंजिनियर न पळवण्याचा गुपचूप करार करून बसल्या होत्या आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं त्यांना पकडलं. मालाच्या बाजारात एकमेकांचे गळे धरणारे मजुरीच्या बाजारात किती प्रेमानं वागतात!

पुढे त्या कंपनीच्या ऑर्डर घटल्या, बस बंद झाली. वाढलेले १,२०० कोणी काढून घेतले नाहीत, पगार तसा सहज खाली येत नाही. पण त्यानंतरच्या दोन वाढी टेबलाला मिळाल्या नाहीत आणि पायरी जिथे होती तिथे परत आली.

मध्यंतरी मी मालकापुढे सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल ठेवला, मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा. मुंबईच्या शिपिंग कंपनीतली स्टेनोग्राफर. पुरुष स्टेनोंना जास्त पगार. कंपनी म्हणाली, या वेगळ्या प्रकारच्या स्टेनो आहेत, आणि शिवाय आमची आर्थिक स्थिती नाही. न्यायालयानं दोन्ही मान्य केलं नाही. काम सारख्या स्वरूपाचं आहे का ते बघायचं, पदाचं नाव नाही; आणि परवडत नाही ही सबब या कायद्यात चालत नाही. तो १९७६ चा कायदा आता वेतन संहितेत गेला आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तत्त्व तेच.

मालकानं निकाल वाचला नाही. "आकडा सांगा," म्हणाला. टेबलावर नऊ बाया, प्रत्येकी २,३०० चा फरक, म्हणजे २०,७००. त्यावर मालकाचा पीएफ, ईएसआय धरून साधारण २४,०००. महिन्याला माल निघतो १२ लाख नग. नगामागे दोन पैसे.

"दोन पैसे," तो म्हणाला, आणि बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिला. "यंदाच्या पत्रात त्यांनी तीन मागितलेत."

पुढच्या महिन्याच्या यादीत तीन नावांपुढे 'हेल्पर' जाऊन 'इन्स्पेक्टर' आलं होतं, पगार पुरुषांबरोबर. दिघीच्या ताई त्यात नव्हत्या. बाकीच्या सहा जणींचं मी विचारलं तर एप्रिलमध्ये बघू, म्हणाला. कोणत्या तिघी निवडल्या हे मी विचारलं नाही, यादी वाचल्यावर कळलंच. त्या टेबलावर स्कूटी असलेल्या तेवढ्या तिघीच आहेत.